डी. फार्म., बी. फार्म. की फार्म. डी. ? : औषधनिर्माण शिक्षणाच्या तीन वाटा

(विहाराच्या वर्धापन दिनी, बुद्धपौर्णिमेच्या सायंकाळी, बारावी उत्तीर्ण विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यात केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



समितीने आम्हास 'करिअर मार्गदर्शन' या विषयावर बोलायला सांगितले. आम्ही म्हटले, सगळ्या क्षेत्रांचे आम्हास काय ठाऊक ? आमचा उभा जन्म औषधाच्या खिडकीमागे गेला. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी म्हणून आम्ही नोकरी केली आणि आता निवृत्त होऊन घरी बसलो आहोत. तेव्हा जे ठाऊक आहे तेच सांगू. शिवाय यंदा आपल्या वस्तीतील चार-पाच घरांत हाच एक प्रश्न फिरतो आहे. परवाच एक माउली दारात येऊन म्हणाल्या, "भाऊ, पोरीला डी. करू का बी. करू ? आणि आता ते सहा वर्षांचं नवीन निघालंय, त्यानं म्हणे डॉक्टरच होतात. खरं काय ते सांगा, घरात पैसे एकदाच आहेत."

'घरात पैसे एकदाच आहेत' हे वाक्य आम्ही विसरलो नाही. श्रीमंताचा मुलगा चुकला तर दुसरा कोर्स घेतो. आपला चुकला तर भविष्यनिर्वाह निधी गेला, दागिने गेले आणि पोराची उमेदीची वर्षेही गेली. म्हणून आजचे बोलणे त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे समजा.

प्रथम हा पेशा काय ते पाहू. आपल्या थोर विहारग्रंथांत, महावग्गात, भेसज्जक्खन्धक नावाचा अख्खा अध्याय औषधांविषयी आहे. जीवक वैद्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. गुरूने त्याला तक्षशिलेच्या आसपास हिंडून औषध नसलेली वनस्पती आणावयास सांगितली आणि तो रिकाम्या हाताने परत आला, कारण औषधी नाही असे काहीच त्याला सापडले नाही. त्याची ही परीक्षा पाहण्याची होती, ओळखण्याची होती. औषध देणाऱ्याचे कामही तेच आहे : ओळखणे. डबीतील गोळी ओळखणे, चिठ्ठीवरील अक्षर ओळखणे आणि समोर उभ्या माणसाची स्थिती ओळखणे.

पूर्वी हे काम डॉक्टरांकडचा कंपाउंडर करीत असे. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांची चौकशी करणारी समिती नेमली. शिक्षित औषधतज्ज्ञ हवेत, असे त्या समितीचे म्हणणे पडले. १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात महादेवलाल श्रॉफ यांनी या विषयाचे शिक्षण सुरू केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फार्मसी कायदा झाला. त्या कायद्याने फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया आणि राज्यांच्या कौन्सिला उभ्या राहिल्या. आज नोंदणीकृत फार्मासिस्टवाचून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देणे कायद्याला मंजूर नाही. म्हणजे हा नुसता दुकानदारीचा धंदा नसून कायद्याने जबाबदारी टाकलेला पेशा होय.

आता आमची स्वतःची एक गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. १९८६ साली आम्ही डिप्लोमा पास झालो. नोकरी नव्हती, घरी बहिणीचे लग्न तोंडावर होते. शहरातील एका दुकानदाराने निरोप धाडला : तुमचे सर्टिफिकेट आमच्या भिंतीवर लावू द्या, तुम्ही येऊही नका, महिन्याला तीनशे रुपये घरपोच. आम्ही हो म्हटले. आठ महिने ते पैसे घेतले. नवव्या महिन्यात आमच्याच वस्तीतील एक आजी बेशुद्ध होऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पोटात जळजळ होते म्हणून गोळी लिहिली होती, आणि दुकानातील पोऱ्याने नावाच्या साधर्म्याने मधुमेहाची गोळी दिली होती. म्हातारीला मधुमेह नव्हताच. रक्तातील साखर उतरली. वेळेवर ग्लुकोज मिळाले म्हणून ती वाचली. दुकान कोणते, हे आम्ही पुडीवरचे नाव वाचले तेव्हा कळले. भिंतीवर आमचे नाव होते आणि आम्ही तेथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी जाऊन सर्टिफिकेट काढून आणले.

त्या आजीने आम्हास कधी काही विचारले नाही, कारण तिला ठाऊकच नव्हते. पण पुढे नोकरीच्या सगळ्या वर्षांत चिठ्ठी दोनदा वाचल्यावाचून आम्ही एक गोळी हातची सोडली नाही. पोरांनो, ही भाड्याची चाल आजही संपलेली नाही. तुम्हालाही कोणी विचारील. तुम्ही नाही म्हणा. सम्यक आजीविका हा शब्द आपण वंदनेत म्हणतो, तो इथे लागू पडतो.

असो. आता तीन वाटा एकेक करून पाहू.

पहिली वाट डी. फार्म., म्हणजे पदविका. बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित. दोन वर्षे अभ्यास आणि त्यानंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. आपल्या राज्यात हा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, सीईटी लागत नाही. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. पदविकेनंतर नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षा देण्याचे नियम २०२२ साली निघाले आहेत. आपल्या तुकडीला ते कसे लागू आहेत, हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवा.

डी. फार्म.ने काय मिळते ? मेडिकल दुकानात फार्मासिस्टची नोकरी, दवाखान्यातील औषध विभाग, स्वतःचे दुकान. सरकारी बाजूला जिल्हा परिषदेचे औषधनिर्माण अधिकारी हे पद आहे, आम्ही तेच केले. रेल्वेच्या दवाखान्यातील फार्मासिस्टच्या जागेलाही पदविका चालते आणि तेथे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. पण सरकारी जागा थोड्या, अर्ज हजारो. जाहिरात दरवर्षी येईलच असे नाही. खाजगी दुकानात नव्या मुलास किती मिळते, हे आम्ही आपल्याच वस्तीतील पोरांना विचारले. दहा-पंधरा हजारांच्या आसपास सुरुवात झाली असे ते सांगतात. हे ऐकून नाराज होऊ नका, पण स्वप्न बघताना हा आकडा समोर ठेवा.

स्वतःच्या दुकानाचे म्हणाल तर किमान १० चौरस मीटर जागा, फ्रिज, अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आणि मालासाठी भांडवल लागते. आज साखळी दुकाने आणि घरपोच औषधे पोहोचवणारे सवलती देतात, त्यांच्याशी गाठ आहे. १९९० साली दुकान टाकणाऱ्याला जे जमले ते आज तितके सोपे नाही. जनऔषधी केंद्राची योजना मात्र पाहण्यासारखी आहे. तिच्यात महिला व अनुसूचित जातीच्या अर्जदारांना फर्निचर आणि संगणकासाठी एकरकमी दोन लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद केलेली आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळच्या अटी वाचा.

दुसरी वाट बी. फार्म., म्हणजे पदवी. चार वर्षे, आठ सत्रे. प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर, सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून होतो. पुष्कळांना वाटते की दोन्हीचे शेवटी दुकानच. तसे नाही. दुकान आणि फार्मासिस्टची नोंदणी दोघांनाही मिळते, हे खरे. परंतु काही दारे पदविकेला बंद असून पदवीला उघडी आहेत. औषध निरीक्षक व्हायचे तर पदवी हवी. हे पद आपल्या राज्यात लोकसेवा आयोगामार्फत भरतात. औषध कारखान्यात उत्पादनावर देखरेख करणारा मान्यताप्राप्त तंत्रज्ञ व्हायचे तर नियमाप्रमाणे पदवी आणि कारखान्यातील किमान १८ महिन्यांचा अनुभव लागतो. प्राध्यापक व्हायचे तर पुढे एम. फार्म. लागते, आणि त्याचा रस्ताही पदवीतूनच जातो.

कंपनीत गेल्यावर तरी काम काय करतात ? एक उत्पादन विभाग, जिथे गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शने तयार होतात. दुसरा गुणवत्ता नियंत्रण, जिथे प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत तपासतात. तिसरा गुणवत्ता हमी, जिथे प्रत्येक पायरीचा कागद तपासतात. चौथा परवाने व नोंदणीची कागदपत्रे पाहणारा विभाग. पाचवे काम औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्याचे. ते संगणकावर, कार्यालयात बसून होते आणि मुलींना त्यात चांगली संधी आहे. इंग्रजी वाचन मात्र पक्के हवे. कारखाने कुठे आहेत म्हणाल, तर छत्रपती संभाजीनगरचे वाळूज-चिकलठाणा, पालघरचे तारापूर, दौंडजवळचे कुरकुंभ, गोव्यातील वेर्णा, आणि बाहेर हैदराबाद, अहमदाबाद, हिमाचलातील बद्दी. पाळीची नोकरी, गाव सोडण्याची तयारी आणि पहिली दोन वर्षे कमी पगार, हे गृहीत धरा. नंतर अनुभवाला भाव येतो. औषध प्रतिनिधीचे काम लवकर मिळते, मोटारसायकलवर हिंडून डॉक्टरांना भेटायचे, पण विक्रीचे लक्ष्य डोक्यावर असते. बोलका मुलगा त्यात तरतो, लाजरा खचतो.

पदवीनंतर एम. फार्म.साठी जीपॅट नावाची परीक्षा असते. ती पास होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाची योजना आहे. हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. तिसऱ्या वर्षापासून तयारी धरावी.

आणखी एक दुवा लक्षात ठेवा. डी. फार्म. झालेल्यास बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. म्हणजे ज्याला सीईटीत गुण कमी पडले किंवा ज्याच्या घरी लवकर कमाईची गरज आहे, त्याने आधी पदविका करून पुढे पदवी घेतली तरी एकच वर्ष जास्त लागते. ही वाट गरिबाची आहे आणि ती कमी प्रतीची मुळीच नाही.

तिसरी वाट फार्म. डी. हा अभ्यासक्रम आपल्या देशात २००८ साली सुरू झाला. सहा वर्षे : पाच वर्षे शिक्षण व सहावे वर्ष रुग्णालयात आंतरवासिता. बी. फार्म. झालेल्यांसाठी तीन वर्षांचा वेगळा प्रवेशही आहे. यात रुग्णाच्या खाटेजवळ जाऊन, कोणते औषध कोणत्या औषधाबरोबर भांडते, मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा किती घटवावी, हे शिकवतात. विद्या उत्तम आहे. पण त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो : फार्म. डी. झालेला मुलगा दवाखाना थाटून रोगी तपासू शकत नाही. नावामागे 'डॉ.' लागले तरी तो औषधतज्ज्ञच राहतो. एमबीबीएस हुकले म्हणून त्याची भरपाई समजून कोणी या वाटेला गेले तर सहा वर्षांनी पदरी निराशाच यायची.

नोकऱ्या आहेत, पण ठरावीक जागी. मोठ्या शहरातील मोठी रुग्णालये, औषधांच्या चाचण्या करणाऱ्या संस्था, दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या. सरकारी दवाखान्यात या पदवीसाठी स्वतंत्र पदे फारच थोडी. परदेशाचा विचार असेल तर एक बाब महत्त्वाची आहे. अमेरिकेत फार्मासिस्ट होण्याच्या पात्रता-परीक्षेला, २००३ पासून पुढे पदवी घेणाऱ्यांसाठी, किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली चार वर्षांची बी. फार्म. त्यात बसत नाही, फार्म. डी. बसते. मात्र परीक्षा, इंग्रजी आणि व्हिसा यांचा खर्च फीपेक्षा निराळा आहे. जिथे फार्म. डी. चालते तिथे कॉलेजला किमान ३०० खाटांचे रुग्णालय जोडलेले असावे असा नियम आहे. प्रवेशाआधी त्या रुग्णालयात स्वतः जाऊन उभे राहा. खाटांवर रोगी आहेत की नुसत्या गाद्या, हे डोळ्यांनी पाहा.

मग निवड कशी करावी ? तीन प्रश्न घरात बसून विचारा. एक, घराला कमाई किती वर्षांत हवी आहे ? दोन-अडीच वर्षांत हवी असेल तर पदविका. चार वर्षे थांबता येत असेल तर पदवी. सहा वर्षे थांबण्याची ऐपत आणि रुग्णालयातील कामाची ओढ, दोन्ही असतील तरच फार्म. डी. दोन, मुलाचा कल माणसांकडे आहे की यंत्राकडे, की पुस्तकाकडे ? माणसांत रमणाऱ्याला दुकान, रुग्णालय. यंत्रात व प्रयोगशाळेत रमणाऱ्याला कारखाना. तीन, गाव सोडण्याची तयारी आहे का ? मुलीच्या बाबतीत हा प्रश्न आईबापांनी स्वतःला विचारावा. शिकवायचे पदवीपर्यंत आणि नोकरीला तालुक्याबाहेर धाडायचे नाही, असे केले तर त्या पदवीचा अर्धा उपयोग आपणच पुसून टाकतो.

आता पैशाचे व कागदांचे बोलू. इथेच आपली माणसे फसतात.

पहिला कागद जातीचा दाखला आणि त्याहून महत्त्वाचे जात वैधता प्रमाणपत्र. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. त्यासाठी किती वर्षे झगडा चालला हे ज्येष्ठांना ठाऊक आहे. तो हक्क कागदावाचून वापरता येत नाही. वैधतेचा अर्ज अकरावीतच करा. निकाल लागल्यावर धावपळ कराल तर प्रवेश फेरी निघून जाईल.

दुसरे, भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर ही शिष्यवृत्ती, त्यापुढे असेल तर फ्रीशिप. अर्ज महाडीबीटीवर. पण लक्षात घ्या, यासाठी प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून पैसे भरून जागा घेतली की ही सवलत हातची जाते. एजंट हे सांगत नाहीत. २०२१ पासून केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. ते पैसे कॉलेजच्या फीचे असतात, घरच्या अडचणीत खर्चू नका. शेवटच्या वर्षी कॉलेज मूळ कागद अडवते आणि मग रडायची वेळ येते.

तिसरे, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास व निर्वाहासाठी तिचा आधार होतो. समाजकल्याण कार्यालयात जाऊन अर्जाची तारीख लिहून आणा.

शेवटचे, कॉलेज. नवीन कॉलेजांवर फार्मसी कौन्सिलने घातलेली बंदी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर गल्लोगल्ली पाट्या लागल्या. आपल्याच वस्तीतील एका भावाने भविष्यनिर्वाह निधी काढून मुलाला दूरच्या एका कॉलेजात घातले. तिथे सांगितले, यायची गरज नाही, परीक्षेला या. पोरगा दोन वर्षे घरी बसला. सर्टिफिकेट मिळाले, पण दुकानात चिठ्ठी वाचता येईना. आज तो घरोघर पार्सले पोहोचवतो. ते कामही प्रामाणिक आहे, त्याला आम्ही नाव ठेवीत नाही. पण त्यासाठी बापाचा फंड जायला नको होता. म्हणून चालू वर्षाची कौन्सिलची मान्यता पाहा, प्रयोगशाळेत बरण्या भरलेल्या आहेत का पाहा, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फाटकाबाहेर गाठून विचारा, आणि पावतीवाचून एक रुपया देऊ नका. 'हजेरी लागणार नाही' असे जो सांगेल, तिथून उठून या.

त्या माउलीच्या मुलीचे काय ठरले, असे तुम्ही विचाराल. तिला सीईटीत बरे गुण आहेत, बापाची नोकरी अजून सात वर्षे आहे, वैधता प्रमाणपत्र हातात आहे. आम्ही म्हटले, बी. फार्म.चा अर्ज भरा, फेरीतूनच जागा घ्या, आणि डी. फार्म.चाही अर्ज भरून ठेवा. शेजारच्या मुलाला आम्ही नेमके उलट सांगितले, कारण त्याच्या घरी कमावते कोणी नाही. कोर्स थोर किंवा हलका नसतो, घर आणि मूल पाहून तो ठरवावा लागतो.

विहार समितीने परवानगी दिली आहे, तेव्हा प्रवेश संपेपर्यंत दर रविवारी वंदनेनंतर आम्ही इथेच, बोधिवृक्षाखालच्या बाकावर बसू. कागद घेऊन या. अर्ज भरण्याआधी या, पैसे भरल्यावर नको. आणि पुढे तुमच्यापैकी जो कोणी खिडकीमागे उभा राहील, त्याने चिठ्ठी दोनदा वाचावी. समोर उभी असलेली आजी आपलीच असते.



नमो बुद्धाय ! जयभीम !